थंड पाण्याच्या नळाला कोमट पाणी: घरात तापवलेले पाणी मुख्य लाइनमध्ये परत जाऊ शकते का?

नरेंद्रनगरकर | ६ जानेवारी, सकाळी ७.४०

मंडळी, नमस्कार. आमच्या घरात एक विचित्र प्रकार चालू आहे आणि त्याचा उलगडा होत नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

घर तळमजला आणि वर एक मजला असे आहे. गच्चीवर एक हजार लिटरची टाकी असून तिच्याशेजारी काचेच्या नळ्यांचा, २०० लिटरचा सोलर आहे. स्वयंपाकघरातला पिण्याच्या पाण्याचा नळ मात्र टाकीवर नाही. तो बाहेरच्या लाइनवर थेट आहे, कारण टाकीचे पाणी पिण्यास वापरायचे नाही असा वडिलांचा दंडक होता आणि तो आम्ही अजून पाळतो.

गेल्या आठवड्यात, ऐन थंडीत, पहाटे साडेपाचला चहाचे आधण ठेवण्यासाठी हा थेट नळ सोडला तर पाणी कोमट आले. दुसऱ्या दिवशीही तेच झाले. आमच्याकडे नळ सहाच्या सुमारास येतात. तिसऱ्या दिवशी मी पहाटेच बॅटरी घेऊन फाटकाजवळच्या मीटरच्या खड्ड्याशी वाकलो आणि पाइपला हात लावून पाहिला. मीटरच्या अलीकडचा, म्हणजे घराकडचा पाइप ऊन होताच, पण मीटरच्या पलीकडे रस्त्याखाली जाणारा जो वीतभर तुकडा दिसतो, तोही गार नव्हता.

माझे प्रश्न दोन आहेत. आमच्या सोलरचे पाणी खरोखरच मुख्य लाइनमध्ये जात आहे का? आणि जात असेल, तर ते पाणी पिणाऱ्या आमच्या घरच्यांना आणि गल्लीतल्या इतरांना त्यापासून काही अपाय होऊ शकतो का?

तर्रीपोहा | ६ जानेवारी, सकाळी ८.०५

काका, पाणी कोमट का आले हा प्रश्न नंतरचा. नळ सहाला येतात, तर साडेपाचला तुमच्या थेट नळाला पाणी आलेच कसे?

नरेंद्रनगरकर | ६ जानेवारी, सकाळी ८.२०

हा प्रश्न मला इतक्या वर्षांत पडला नाही, हे प्रांजळपणे कबूल करतो. लाइनमध्ये थोडे पाणी उरत असावे, असे मी गृहीत धरले होते.

सक्करदरा_एक्सप्रेस | ६ जानेवारी, सकाळी ८.३२

मीटर उलटे फिरत असेल आणि बिल कमी येत असेल, तर कृपया इथे जाहीर करू नये. उद्या सगळे नागपूर सोलर उलटा जोडून घेईल.

नळदमयंती | ६ जानेवारी, सकाळी ९.१५

मी इमारतींच्या नळजोडणीची कामे आखून देते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

पाणी जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जाते आणि नळाला 'येणे' आणि 'जाणे' यांतला फरक कळत नाही. तुमची गच्चीवरची टाकी जमिनीपासून साधारण आठ मीटर उंच धरली, तर तिच्या पाण्याचा तळमजल्यावरचा दाब पाऊण बारच्या थोडा वर भरतो. दहा मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ म्हणजे जवळजवळ एक बार, हा हिशेब लक्षात ठेवावा. नळ आलेले असताना बाहेरच्या लाइनचा दाब याहून जास्त असतो, म्हणून पाणी घरात येते. नळ गेले की बाहेरचा दाब शून्याकडे उतरतो आणि उताराच्या गल्लीत तर लाइन अक्षरशः रिकामी होते. त्या वेळी टाकीची लाइन आणि थेट लाइन यांच्यामध्ये घरात कुठेही उघडी वाट असेल, तर गच्चीवरचे पाणी सरळ रस्त्याकडे चालू लागते. तुमच्या घरात अशी वाट नक्की आहे, फक्त ती सापडलेली नाही.

एक विचारते. रात्री कोणी पाणी वापरलेले नसताना गच्चीवरची टाकी सकाळी उतरलेली दिसते का? आणि संध्याकाळी कढत असलेला सोलर सकाळपर्यंत नुसता कोमट होतो का?

नरेंद्रनगरकर | ६ जानेवारी, सकाळी ९.५०

ताई, दोन्ही होते. टाकी उतरते म्हणून फ्लशची टाकी दुरुस्त करून झाली आणि सोलर गार पडतो म्हणून त्याचे आवरण खराब झाले असे समजून विक्रेत्याशी वाद घालूनही झाला.

लीड्सचा_सावजी | ६ जानेवारी, दुपारी ३.१०

मी मूळचा महालातला असून नऊ वर्षांपासून इंग्लंडात राहतो. इथे हा विषय घराघरात आहे, कारण इथे पाणी आंघोळीपुरते तापवून भागत नाही, अख्खे घर तापवावे लागते. बॉयलरमध्ये तापलेले पाणी पाइपांतून प्रत्येक खोलीतल्या रेडिएटरमध्ये फिरते आणि पुन्हा बॉयलरकडे येते. हे चक्र बंदिस्त असते, म्हणजे तेच ते पाणी वर्षानुवर्षे आत फिरत राहते. गंज चढू नये म्हणून त्यात रसायन घातलेले असते. तरीही रेडिएटरचे पोलाद हळूहळू झिजते आणि काळा, बारीक गाळ तयार होतो. रेडिएटरमधली हवा काढताना हे पाणी एकदा माझ्या हातावर आले होते. शाई आणि जुने मशीन ऑइल कालवावे तसा त्याचा रंग आणि वास होता.

आता गंमत अशी की, हे चक्र पहिल्यांदा भरायला आणि दाब उतरला की त्यात भर घालायला नळाचेच पाणी लागते. त्यासाठी बॉयलरखाली चंदेरी वेटोळ्यांची, हातभर लांबीची एक लवचीक नळी असते, जिला इथे फिलिंग लूप म्हणतात. तिच्या दोन टोकांना दोन कॉक असतात आणि नळाच्या बाजूला डबल चेक व्हॉल्व्ह असतो, म्हणजे एकाच अंगात एकामागे एक बसवलेल्या दोन एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपा). दाब दाखवणारा काटा थंड असताना एक ते दीड बारवर आणायचा, दोन्ही कॉक बंद करायचे आणि मग ती नळी काढून ठेवायची, असा दंडक आहे. नळी नुसती बंद करून भागत नाही, ती जोडणीपासून वेगळी करावी लागते.

इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९९ पासून लागू असलेल्या वॉटर फिटिंग्ज रेग्युलेशन्समध्ये पाण्याचे पाच वर्ग केले आहेत. पहिला वर्ग म्हणजे मुख्य लाइनचे पिण्याचे पाणी. दुसऱ्या वर्गात तेच पाणी तापल्याने किंवा चव-वास बदलल्याने थोडे उतरलेले असते, त्यामुळे साधे गरम पाणी यात मोडते. घरातल्या रेडिएटरच्या चक्रातले पाणी तिसऱ्या वर्गात जाते, मग त्यात रसायन असो वा नसो. घर सोडून इतर इमारतींतल्या अशाच चक्राचे पाणी चौथ्या वर्गात आणि मैला वगैरे पाचव्या. जितका वर्ग वरचा तितका अडसर भक्कम, हे त्यामागचे सूत्र आहे.

महालातला_मुक्काम | ६ जानेवारी, सायंकाळी ५.४५

सावजी, माहिती चांगली आहे, पण मला शंका आहे. तुमच्याकडे नळ चोवीस तास, भरपूर दाबाने येतो. मुख्य लाइनला तीन बार आणि रेडिएटरला दीड बार असेल, तर पाणी उलटे जाईलच कसे? ही नियमांची अतिशयोक्ती वाटते. ज्याच्याकडे चोवीस तास पाणी आहे त्याने याची चिंता करायचे कारण नाही, आणि आपल्याकडेही ज्या भागांत अखंड पुरवठा आहे तिथे हा प्रश्न उद्भवू नये.

लीड्सचा_सावजी | ६ जानेवारी, रात्री ८.३०

दादा, मलाही पहिल्या वर्षी असेच वाटले होते आणि मी ती नळी जोडलेलीच ठेवली. तिचा एक कॉक नीट बंद होत नव्हता. रोज सकाळी दाबाचा काटा थोडा वर गेलेला दिसे आणि एक दिवस घराबाहेर, भिंतीतून निघणाऱ्या तांब्याच्या नळीतून थेंब थेंब पाणी पडू लागले. आतला दाब तीन बारवर गेला की उघडणारी ती सुरक्षा झडप होती. म्हणजे माझ्या घरी पाणी मुख्य लाइनकडून चक्रात येत होते. ज्या वाटेने ते येत होते ती वाट दोन्ही दिशांनी सारखीच उघडी होती, हे मला काटा पाहून कळले.

निवृत्त_उपअभियंता | ६ जानेवारी, रात्री ९.२०

महालातला मुक्काम यांच्या शंकेला माझे उत्तर असे की, दाब रोज पडत नाही, पण ज्या दिवशी पडतो त्या दिवशी पूर्वसूचना देत नाही. मुख्य लाइन फुटते, दुरुस्तीसाठी व्हॉल्व्ह बंद केला जातो, अग्निशमन दल एकाच वेळी भरपूर पाणी ओढते. अशा वेळी मुख्य लाइनमध्ये दाब नुसता कमी होत नाही, तर ओढ निर्माण होते आणि जोडलेल्या प्रत्येक नळीतून पाणी आत खेचले जाते.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या होली क्रॉस या महाविद्यालयात १९६९ मध्ये असेच घडले. जवळच आग लागली आणि ती विझवण्यासाठी पाणी ओढले गेल्याने लाइनमधला दाब कोसळला. मैदानाच्या वाटेवर, जमिनीत खोल बसवलेल्या सिंचनाच्या नळांच्या खड्ड्यांत साचलेले दूषित पाणी लाइनमध्ये शिरले आणि तेच पाणी सरावानंतर खेळाडू प्यायले. फुटबॉलचा जवळजवळ सगळा संघ काविळीने आजारी पडला आणि दोन सामन्यांनंतर त्या वर्षीचा हंगाम सोडून द्यावा लागला. पुरवठा चोवीस तासांचा होता.

अखंड पुरवठ्याचा फायदा मी नाकारत नाही. हुबळी-धारवाडमध्ये झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ठरावीक वेळी पाणी येणाऱ्या भागातल्या नळांच्या नमुन्यांत ई. कोलाय जंतू अखंड पुरवठ्याच्या भागापेक्षा कितीतरी अधिक वेळा सापडले होते. दाब असणे हे संरक्षण आहे, पण तेच एकमेव संरक्षण मानले, तर ते नेमके गरजेच्या वेळी गैरहजर असते.

आणि एक गोष्ट आपण सोयीने विसरतो. लाइनवर थेट मोटार लावून पाणी ओढणारा शेजारी हा आपल्या गल्लीतला रोजचा अग्निशमन बंब आहे. त्याची टुल्लू सुरू झाली की आजूबाजूच्या घरांच्या लाइनमध्ये उलटी ओढ लागते. ही मोटार नियमबाह्य आहे ती केवळ पाणी चोरते म्हणून नव्हे.

तर्रीपोहा | ६ जानेवारी, रात्री ९.३१

म्हणजे नरेंद्रनगरकर काकांचा सोलर त्या टुल्लूवाल्याला गरम पाण्याची मोफत घरपोच सेवा देत असण्याची शक्यता आहे.

गृहिणी_धरमपेठ | ७ जानेवारी, सकाळी १०.४०

बंब शब्द निघाला म्हणून आठवले. माझ्या सासूबाईंच्या काळी परसात तांब्याचा बंब होता. तो बादलीने भरायचा, मध्ये कोळसे घालायचे आणि तोटीतून कढत पाणी घंगाळात काढून विसण घालायचे. त्या बंबाचे पाणी नळात परत जाणे शक्यच नव्हते, कारण नळ आणि बंब यांच्यामध्ये बादली होती आणि बादली उचलणारा माणूस होता.

माझा प्रश्न गिझरचा आहे. आमच्या पंचवीस लिटरच्या गिझरच्या खालच्या झडपेतून, पाणी तापत असताना ठिबकते. प्लंबरने सांगितले की थंड पाण्याच्या तोंडावरची एनआरव्ही काढून टाकली की ठिबकणे थांबेल. त्याने ती काढली आणि ठिबकणे खरेच थांबले. हे बरोबर झाले की चूक?

नळदमयंती | ७ जानेवारी, सकाळी ११.२५

चूक झाले, आणि ही चूक मी दर हिवाळ्यात पाहते.

पाणी तापले की फुगते. २५ अंशांचे पाणी ६० अंशांपर्यंत तापवले, तर ते साधारण दीड टक्क्याने वाढते. पंचवीस लिटरच्या गिझरात हे वाढीव पाणी मोठा पेलाभर होते. तोंडावर एनआरव्ही असली की ते मागे जाऊ शकत नाही, आतला दाब चढतो आणि सुरक्षा झडप ते थेंबाथेंबाने बाहेर सोडते. म्हणजे ठिबकणे हा झडपेचा बिघाड नव्हता, ते तिचे काम होते. तुमच्या प्लंबरने एनआरव्ही काढल्यावर ते पेलाभर पाणी नाहीसे झाले नाही, ते आता थंड पाण्याच्या लाइनमध्ये मागे सरकते. तुमचा गिझर गच्चीवरच्या टाकीवर असेल, तर ते तुमच्याच घरात राहील. थेट लाइनवर असेल, तर ते मुख्य लाइनकडे जाईल. एनआरव्ही परत बसवून घ्यावी आणि ठिबकणाऱ्या तोंडाला बारीक नळी जोडून ती न्हाणीत सोडावी. फार ठिबकत असेल, तर गिझरच्या वाटेवर हे वाढीव पाणी सामावणारे छोटे एक्स्पान्शन व्हेसल बसवता येते. त्या झडपेचे तोंड बूच मारून बंद करण्याचा सल्ला कोणी दिला, तर मात्र त्या माणसाला पुन्हा घरात घेऊ नये. थर्मोस्टॅट अडकला तर बंद गिझर फुटू शकतो.

गच्चीवरच्या सोलरला वर उघडा व्हेंट पाइप असतो, म्हणून तिथे ही वाढ हवेत मोकळी होते.

सूक्ष्मजीव | ७ जानेवारी, दुपारी १.०५

अपायाच्या प्रश्नाकडे अजून कोणी वळले नाही, म्हणून लिहितो. मी प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासतो.

नरेंद्रनगरकर, पाणी कोमट आहे ही तुमची मुख्य काळजी दिसते, पण माझ्या मते ती जागा चुकली आहे. उष्णतेने तुमच्यावर उपकार केले आहेत. पाणी गरम होते म्हणून तुम्हाला कळले. त्याच वाटेने गच्चीवरच्या टाकीचे थंड पाणी आले असते, तर तुम्ही वर्षानुवर्षे ते थेट नळाचे समजून प्यायला असता. खरी शंका घ्यायची ती टाकीची. तिचे झाकण घट्ट बसते का, ओव्हरफ्लोच्या तोंडाला जाळी आहे का, आणि ती शेवटची कधी धुतली होती?

गरम पाण्याबद्दल इतकेच की, तापलेल्या आणि साठून राहिलेल्या पाण्यातले क्लोरीन निघून जाते. आपल्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, नळाच्या टोकाशी निदान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर मोकळे क्लोरीन असावे असे म्हटले आहे. सोलरमधून आलेल्या पाण्यात तेवढे उरेल याची खात्री नसते. शिवाय २० ते ४५ अंशांच्या दरम्यानचे, पाइपात तुंबलेले पाणी लेजिओनेला नावाच्या जंतूला मानवते. हा जंतू फिलाडेल्फियातल्या १९७६ च्या साथीमुळे ओळखला गेला. तो पिण्यातून सहसा बाधत नाही, शॉवरच्या तुषारांतून श्वासावाटे फुप्फुसात जातो. म्हणून साठवणीतले गरम पाणी ६० अंशांच्या आसपास असावे आणि न वापरल्या जाणाऱ्या पाइपाचे शेपूट लाइनला लोंबकळत ठेवू नये.

घाबरून जाण्यासारखे विष यात नाही. पण नीरीसारखी संस्था १९५८ पासून आपल्याच शहरात पाण्यावर काम करते आणि आपण आपल्याच घरातल्या लाइनचा नकाशा काढलेला नसतो, हे मला खटकते.

सक्करदरा_एक्सप्रेस | ७ जानेवारी, दुपारी १.४०

झाकणाचा प्रश्न विचारल्याबद्दल धन्यवाद. आत्ताच गच्चीवर जाऊन आलो. आमच्या टाकीच्या झाकणावर वीट आहे, विटेवर कबूतर आहे आणि झाकणाला तडा आहे. पुढचे वर्णन जेवणाच्या वेळी करत नाही.

वाळ्याचा_वास | ७ जानेवारी, सायंकाळी ६.१५

आपल्याकडचा सर्वांत मोठा उलटा प्रवाह हिवाळ्यात नसून उन्हाळ्यात होतो, असे माझे मत आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो तेव्हा घरोघरी कूलरच्या टाकीत बागेची नळी सोडलेली असते, तिचे दुसरे टोक नळाला आणि हे टोक पाण्यात बुडालेले. वाळ्याच्या ताट्यांतून गळलेले, आठ दिवस साचलेले, डासांच्या अळ्या वळवळणारे ते पाणी. नळ उघडा राहिला आणि नळ गेले, की ते उलट्या वाटेने जाते. सावजींच्या त्या फिलिंग लूपची ही नागपुरी आवृत्तीच म्हणायची, फक्त आपल्याकडे ती काढून ठेवण्याचा नियम कोणी पाळत नाही. मी स्वतः गेल्या उन्हाळ्यापर्यंत पाळत नव्हतो.

निवृत्त_उपअभियंता | ७ जानेवारी, रात्री ८.५०

वाळ्याचा वास यांनी नेमके बोट ठेवले. नळीचे टोक पाण्यात बुडता कामा नये. ते कडेच्या वर असावे आणि पाण्याच्या सर्वांत वरच्या पातळीपासून नळाच्या व्यासाच्या निदान दुप्पट अंतर सुटलेले असावे. या हवेच्या अंतराइतका खात्रीचा अडसर दुसरा नाही, कारण त्यात बिघडण्यासारखे काही नसते. धरमपेठच्या ताईंच्या सासूबाईंची बादली म्हणजे हेच अंतर होते. गच्चीवरच्या टाकीत पाणी सोडणारा बॉल कॉक ओव्हरफ्लोच्या वर असतो, तोही याच कारणासाठी.

एनआरव्ही हा त्याच्या खालचा उपाय आहे. तिच्या झडपेखाली वाळूचा कण अडकला, क्षार चढले, स्प्रिंग बसली, तर ती दोन्ही दिशांना उघडी राहते आणि बाहेरून ते दिसत नाही. बोअरच्या जड पाण्यावर तर ती लवकर निकामी होते. ज्यांच्याकडे बोअर आणि नळ दोन्ही एकाच टाकीला जोडलेले आहेत, त्यांनी दोन्ही लाइनींमध्ये एक कॉक ठेवून समाधान मानू नये. दोन्हींनी टाकीत वरून, स्वतंत्र तोंडांनी पडावे.

अंबाझरीचा_वारा | ७ जानेवारी, रात्री १०.१०

एक उपप्रश्न. बोअरचे पाणी जड असल्यामुळे मला हीट एक्स्चेंजरचा सोलर सुचवला आहे. त्यात तापणारे पाणी वेगळे आणि वापराचे पाणी वेगळे राहते म्हणे. विक्रेता आतल्या बाजूला गाडीचा कूलंट भरून देतो म्हणाला. चालेल का?

नळदमयंती | ७ जानेवारी, रात्री १०.३५

उपकरण चालेल, कूलंट चालणार नाही. गाडीच्या कूलंटमध्ये बहुधा इथिलीन ग्लायकॉल असते, ते विषारी आहे आणि चवीला गोड असल्याने पाण्यात मिसळले तर जिभेला संशयही येत नाही. एक्स्चेंजरच्या पत्र्याला सुईच्या टोकाएवढे छिद्र पडले तरी ते तुमच्या आंघोळीच्या पाण्यात येईल. थंड प्रदेशांत पाणी गोठू नये म्हणून असे द्रव लागतात आणि तिथेही घरगुती कामासाठी त्यामानाने निरुपद्रवी प्रॉपिलीन ग्लायकॉल वापरतात. नागपूरची थंडी कितीही बोचरी असली, तरी गच्चीवरचा सोलर गोठवण्याइतकी नाही. त्या बाजूला मऊ पाणी भरून घ्यावे.

नरेंद्रनगरकर, आता तुमच्याकडे वळते. एक साधी परीक्षा करा. थेट लाइनवर अंगणात एखादा बुटका नळ असेलच. मीटरजवळचा कॉक बंद करा आणि तो अंगणातला नळ सोडा. पाइपातले उरलेले पाणी तांब्या-दोन तांबे येऊन थांबले पाहिजे. थांबले नाही, तर ते पाणी तुमच्या गच्चीवरूनच येत आहे. मग ज्या ज्या ठिकाणी गरम आणि थंड पाणी एकत्र येते, तिथले अँगल कॉक एकेक करून बंद करत जा. ज्या कॉकला धार तुटेल, तिथे वाट आहे.

महालातला_मुक्काम | ८ जानेवारी, सकाळी ९.००

मी माझे आधीचे मत अर्धे मागे घेतो. अर्धे ठेवतो, कारण गल्लीत दाब टिकला तर अर्धा प्रश्न सुटतो हे मला अजूनही पटते. पण आज सकाळी ही परीक्षा मी स्वतःच्या घरी केली. पहिल्या बादलीनंतर धार थांबली, तेव्हा सुटकेचा श्वास टाकला.

नरेंद्रनगरकर | १० जानेवारी, रात्री ९.३०

उशिराबद्दल क्षमस्व. रविवारची सकाळ यातच गेली.

मीटरजवळचा कॉक बंद करून अंगणातला नळ सोडला. पहिली बादली गार पाण्याने भरली. दुसरी अर्धी झाली आणि पाणी कोमट झाले. तिसरी भरताना बादलीतून वाफ निघत होती. सौभाग्यवतींनी त्याच पाण्यात धुणे भिजवले.

मग एकेक कॉक बंद करत गेलो. स्वयंपाकघरात गरम-थंड पाणी मिसळणारा मिक्सर नळ नाहीच. वरच्या मजल्यावरचे सगळे टाकीवर आहे, म्हणून तिथे काही फरक पडला नाही. शेवटी तळमजल्यावरच्या न्हाणीघरात गेलो, जिथे माझी आई स्टुलावर बसून हॅंड शॉवरने आंघोळ करते. काही वर्षांपूर्वी तिथली थंड पाण्याची लाइन आम्ही थेट नळावर घेतली होती आणि गरम पाणी सोलरचे आहे. मिक्सरखालचा एक कॉक बंद केला आणि अंगणातून मुलगा ओरडला की धार तुटली.

प्रकार असा होता. हॅंड शॉवरच्या मुठीला खटका आहे. आंघोळ झाली की आई तो खटका दाबून पाणी बंद करते, पण मिक्सरच्या दोन्ही चाव्या तशाच उघड्या ठेवते. का, असे विचारले तर म्हणाली, "विसण एकदा मनासारखं जमलं की ते रोज कशाला मोडायचं?" म्हणजे मिक्सरच्या पोटात गरम आणि थंड लाइन चोवीस तास एकमेकींना भेटत होत्या आणि पुढे खटका बंद असल्याने बाहेर एक थेंबही दिसत नव्हता.

मीटरनंतर एनआरव्ही होती. प्लंबरने ती उघडली तेव्हा पितळी झडपेखाली पांढऱ्या टेफ्लॉन टेपचा चुरगळलेला तुकडा आणि चिमूटभर रेती निघाली. झडप तांदळाच्या दाण्याएवढी उघडी होती. तो टेपचा तुकडा बहुधा जोडणीच्या दिवसापासून तिथे असावा.

नळदमयंती | १० जानेवारी, रात्री ९.५५

आईंना माझा नमस्कार सांगा. त्यांचे काही चुकलेले नाही, चूक लाइन आखणाऱ्याची आहे. मिक्सरला गरम आणि थंड पाणी एकाच टाकीवरून द्यावे. दोन्हींचा दाब सारखा राहतो, एक दुसऱ्याला ढकलत नाही आणि विसणही दिवसभर टिकते. थेट लाइन फक्त दोनच ठिकाणी न्यावी, एक पिण्याच्या नळाला आणि दुसरी टाकीत वरून पडणाऱ्या तोंडाला. नवी एनआरव्ही बसवाच, पण तिच्या दोन्ही बाजूंना युनियन, म्हणजे पाइप न कापता सोडवता येणारी जोडणी, ठेवून घ्या, म्हणजे वर्षातून एकदा उघडून पाहता येईल.

तर्रीपोहा | १० जानेवारी, रात्री १०.०२

विक्रेत्याची माफी मागितली का?

नरेंद्रनगरकर | १७ जानेवारी, सायंकाळी ७.२०

मागितली. त्याने चहा पाजला आणि टाकीच्या आवरणाचा नवा दर सांगितला.

न्हाणीघराची थंड लाइन गच्चीवरच्या टाकीवर घेतली, सीपीव्हीसीचे तीन कोपरे आणि दोन तासांचे काम. टाकी धुऊन घेतली, ओव्हरफ्लोला जाळी बसवली. सोलर आता सकाळी हात भाजेल इतका कढत असतो. मीटरजवळचा कॉक बंद करून अंगणातला नळ सोडला, तर दीड तांब्या पाणी येऊन थांबले. आई म्हणते की विसण पूर्वीपेक्षा चांगले राहते आणि दोन्ही चाव्या ती अजूनही उघड्याच ठेवते.

ही परीक्षा पाहायला शेजारचे जोशीकाका कुंपणाशी उभे होते. त्यांच्या घरी सोलर नाही, त्यामुळे आपल्याकडे असे काही नसणार असे ते म्हणाले. दुपारी नळ गेल्यावर, गंमत म्हणून, त्यांच्याही मीटरचा कॉक बंद केला आणि अंगणातला नळ सोडला. पाणी गार होते. पहिली बादली भरली, दुसरी भरली, आणि तिसरी आणायला काकू आत गेल्या तरी धार तशीच चालू होती.